एक कार्ड, अनेक पडदे

चवथ आटोपली की गोव्यात जत्रा, नाट्यस्पर्धा आणि शाळांची स्नेहसंमेलने यांचा हंगाम जवळ येतो, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही त्याप्रमाणे बदलतो. या वेळची बरीचशी पत्रे एका संगणकाला अनेक टीव्ही, मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडण्याविषयी आहेत. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी ठेवून याच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या देवस्थानात जत्रेच्या रात्री गर्भगृहासमोर उभे राहण्यास जागा उरत नाही. म्हणून कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपवर घेऊन सभामंडपात एक, अग्रशाळेत दोन आणि दीपस्तंभाजवळच्या मांडवात एक असे चार टीव्ही लावण्याचा विचार आहे. त्यासाठी चार आउटपुटचे ग्राफिक्स कार्ड असलेला नवा संगणक घ्यावा, असे आम्हांला सुचवण्यात आले आहे. हा खर्च योग्य आहे का?
— देवस्थान समितीचे एक सदस्य, मडकई

उत्तर : नाही. चारही टीव्हींवर एकच चित्र दिसायचे असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीने तो एकच डिस्प्ले आहे आणि तुमच्या लॅपटॉपचे एकुलते एक एचडीएमआय पोर्ट त्याला पुरेसे आहे. त्या पोर्टला एक आत-चार बाहेर असा स्प्लिटर लावला की काम झाले. मात्र हा स्प्लिटर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा असावा. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन तोंडे असलेली साधी वायर स्वस्तात मिळते, पण डिजिटल सिग्नल तिने नीट वाटला जात नाही.

तुमची खरी अडचण अंतराची आहे. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फुल एचडी चित्र साधारण १० मीटरपर्यंत भरवशाने नेते. त्यापुढे चित्रात ठिपके चमकू लागतात आणि मग चित्र मधूनमधून गायब होते. दीपस्तंभाजवळच्या मांडवापर्यंत एचडीबेसटी पद्धतीचा ट्रान्समीटर-रिसीव्हर वापरावा. ही जोडी एका कॅट-६ केबलवरून चित्र १०० मीटरपर्यंत नेऊ शकते. केबल नेटवर्कची दिसली तरी तिच्यातून जाणारा सिग्नल नेटवर्कचा नसतो, त्यामुळे ती मध्येच राउटरला किंवा स्विचला जोडू नये. लॅपटॉपचे रिझोल्युशन १९२० × १०८० ठेवावे. चार टीव्हींपैकी एखादा फोर-के असला तरी तो हे चित्र स्वतः मोठे करून घेईल. उलट लॅपटॉप फोर-के वर ठेवल्यास बाकीचे तीन काळे राहण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट. मांडवाची वीज जनरेटरवरून आणि लॅपटॉपची देवळाच्या मीटरवरून येत असेल, तर दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो, आणि चालू उपकरणात केबल खुपसताना एचडीएमआय पोर्ट जळण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. शक्यतो सर्व उपकरणे एकाच अर्थिंगवर घ्यावीत आणि जोडणी पूर्ण झाल्यावरच वीज सुरू करावी.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था यंदा एका पौराणिक नाटकासाठी रंगवलेल्या पडद्यांऐवजी प्रोजेक्टरने नेपथ्य दाखवणार आहे. रंगमंचाची रुंदी सुमारे २६ फूट असून तेवढ्या रुंदीचा एक सलग पांढरा पडदा मागे लावायचा आहे. तीन फुल एचडी प्रोजेक्टर भाड्याने घेऊन त्यांवर एकच लांब दृश्य, म्हणजे अरण्य, राजसभा, युद्धभूमी असे, पसरवावे अशी कल्पना आहे. दुकानदाराच्या मते त्यासाठी दोन ग्राफिक्स कार्डे आणि प्रत्येकी निदान १२ जीबी मेमरी लागेल. कृपया मार्गदर्शन करावे.
— नेपथ्य सांभाळणारे दोघे, माशेल

उत्तर : दुकानदाराचे दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी किती स्वतंत्र चित्रे बाहेर पाठवू शकते, हे कार्डाची मेमरी ठरवत नाही आणि मागच्या बाजूच्या पोर्टांची संख्याही ठरवत नाही. ते ठरते चिपमधल्या डिस्प्ले इंजिनांच्या संख्येवर. मेमरीतली तयार चौकट, म्हणजे एका क्षणाचे पूर्ण चित्र, ओळीओळीने वाचून ठरलेल्या वेगाने पोर्टकडे पाठवणे हे या इंजिनाचे काम, आणि प्रत्येक स्वतंत्र चित्राला असे एक इंजिन लागते. एनव्हिडियाच्या जीफोर्स मालिकेतील बहुतेक आजची कार्डे एका वेळी चार डिस्प्ले चालवतात, आणि पाच पोर्ट असलेल्या कार्डावरही मर्यादा चारचीच असते. एएमडीच्याही अनेक कार्डांवर चार डिस्प्ले चालतात. तुमच्या तीन प्रोजेक्टरांना आणि विंगेत बसणाऱ्या ऑपरेटरच्या एका मॉनिटरला असे एक कार्ड पुरते.

मेमरीचा हिशेब तर घरीच करून पाहता येईल. फुल एचडीच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर एक चौकट सुमारे ८३ लाख बाइटची होते. अशा चार चौकटी मिळून ३३ एमबीच्या आसपास जागा घेतात. १२ जीबीच्या कार्डात इतकी जागा शोधावीसुद्धा लागणार नाही. भार पडतो तो दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचा, आणि त्यासाठी आजच्या साध्या कार्डांतही स्वतंत्र यंत्रणा असते. दोन कार्डे घेण्याचा उलट तोटाच संभवतो. दोन कार्डांवर पसरलेल्या एका चित्राचा अर्धा भाग एका कार्डाकडून दुसऱ्याकडे नकलून न्यावा लागतो, आणि दोन्ही कार्डांची चौकट बदलण्याची वेळ जुळेलच असे नाही. युद्धभूमीवरून रथ धावताना जोडावर तो क्षणभर तुटलेला दिसेल.

आता प्रोजेक्टरांच्या संख्येविषयी. येथे माझे मत तुमच्या कल्पनेच्या विरुद्ध आहे. एक सलग दृश्य हवे असेल, तर शेजारच्या दोन प्रोजेक्टरांची चित्रे कडेला एकमेकांवर चढवावी लागतात आणि त्या पट्ट्यात दोन्हींचा प्रकाश हळूहळू उतरता ठेवावा लागतो. या पद्धतीला एज ब्लेंडिंग म्हणतात. चढाव २० टक्के, म्हणजे ३८४ बिंदूंचा धरला, तर तीन प्रोजेक्टरांचे एकत्र चित्र ४९९२ बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच होते. हे प्रमाण २६ फुटांत बसवल्यावर उंची साडेपाच फुटांच्या जरा वर भरते. म्हणजे तुमचा राजा सिंहासनावरून उठला की राजसभा त्याच्या मुकुटाखाली राहणार. त्याऐवजी दोन प्रोजेक्टर वापरले, तर रुंदी ३४५६ बिंदू होते, आणि २६ फुटांना सुमारे ८ फूट उंची मिळते. दृश्य जास्त भव्य दिसावे यासाठी येथे एक प्रोजेक्टर कमीच करायला हवा. वाचलेल्या भाड्यात दोन जास्त उजेडाचे प्रोजेक्टर घ्यावेत, कारण रंगमंचावरचे स्पॉट सुरू झाले की पडद्यावरचे चित्र फिके पडते, आणि ही तक्रार कोणतेही कार्ड दूर करू शकत नाही. आठ फूटही कमी वाटत असल्यास प्रोजेक्टर उभे फिरवून तीन लावण्याचा मार्ग आहे, पण सर्वच प्रोजेक्टर कुशीवर चालवण्याची परवानगी उत्पादक देत नाहीत. भाड्याने घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

या मांडणीत प्रत्येक प्रोजेक्टरचे चित्र सुमारे साडेचौदा फूट रुंद होईल. साध्या प्रोजेक्टरला, म्हणजे ज्याचे अंतर-रुंदी प्रमाण दीडच्या आसपास असते त्याला, यासाठी पडद्यापासून बावीसएक फूट मागे जावे लागते, आणि तो समोरून लावल्यास नटांच्या सावल्या पडद्यावर पडतात. प्रमाण ०.५ असलेला शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर सव्वासात फुटांवरून तेवढेच चित्र देतो, त्यामुळे वरून टांगून किंवा पडद्यामागून लावता येतो. पडद्यामागून लावल्यास चित्र डावे-उजवे उलटे करण्याची सोय प्रोजेक्टरच्या मेनूतच असते, त्यासाठी संगणकावर काही करावे लागत नाही. पडदा मात्र मागून प्रकाश येऊ देणारा हवा.

दोन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे आणि शक्य तर सारखेच वापरलेले असावेत. एकाचा दिवा नवा आणि दुसऱ्याचा जुना असला, तर अर्धे अरण्य उन्हात आणि अर्धे सावलीत दिसते. तसे झालेच, तर उजळ प्रोजेक्टर इको मोडवर टाकून जुळवून घ्यावे. चित्र तिरके आल्यास कीस्टोनचे बटण दाबण्याचा मोह टाळावा, कारण कीस्टोन चित्र आतल्या आत दाबते, त्यात बिंदू वाया जातात आणि दोन चित्रांचे बिंदू एकमेकांवर नेमके बसत नाहीत. प्रोजेक्टरच सरळ बसवावा.

एका मर्यादेची मात्र आधीच कल्पना असू द्यावी. प्रोजेक्टर पूर्ण काळा रंग दाखवू शकत नाही. संगणकाने काळे पाठवले तरी थोडा प्रकाश गळतोच. चढावाच्या पट्ट्यात हा गळका प्रकाश दुप्पट होतो, त्यामुळे सगळा रंगमंच अंधारात गेल्यावर पडद्याच्या मधोमध एक करडा उभा पट्टा दिसतो. उजेडाच्या दृश्यात तो दिसत नाही. तेव्हा मध्यरात्रीचे अरण्य अगदी काळे न रंगवता गडद निळे ठेवावे, आणि संपूर्ण अंधार हवा असेल तेथे प्रोजेक्टरसमोर पुठ्ठ्याची झडप टाकावी. व्यावसायिक प्रोजेक्टरांत ही झडप यंत्रातच असते. हौशी मंडळींसाठी विंगेतला एक चपळ मुलगा पुरतो.

ब्लेंडिंग करायचे कशात, हा प्रश्न उरतो. काही प्रोजेक्टरांत ती सोय अंगभूत असते. एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांतील मोझॅक ही सोय अनेक आउटपुटांचा एकच डेस्कटॉप करते आणि त्यांत चढावही देते. पण तेवढे महाग कार्ड घेण्यापेक्षा रेझोल्यूम अरेनासारखे सॉफ्टवेअर साध्या कार्डावर वापरणे मला जास्त सोयीचे वाटते, कारण त्यात चढाव, उतरता प्रकाश आणि पडद्याच्या सुरकुतीप्रमाणे चित्राचे कोपरे ओढणे हे सर्व एकाच ठिकाणी करता येते. घेताना अरेना ही आवृत्तीच घ्यावी. तिच्या धाकट्या भावंडात ब्लेंडिंग नाही.

व्हिडिओ तयार करतानाच ३४५६ × १०८० या मापाचा आणि सेकंदाला ३० चौकटींचा करावा, आणि दोन्ही प्रोजेक्टर ६० हर्ट्‌झवर ठेवावेत. प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दाखवली जाते आणि हालचाल सुरळीत राहते. २५ चौकटींचा व्हिडिओ ६० हर्ट्‌झवर लावल्यास काही चौकटी दोनदा आणि काही तीनदा दाखवल्या जातात, आणि आकाशातून सरकणारे ढग मध्येमध्ये अडखळतात. प्रेक्षकांना कारण कळत नाही, पण नजरेला खटकते.

केबलींबाबत थोडक्यात. कार्डावर बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असेल, प्रोजेक्टरांना मात्र एचडीएमआयच लागेल. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल एकाच दिशेने चालते, ती उलटी लावून उपयोग नाही. ऑप्टिकल एचडीएमआय केबलीलाही दिशा असते आणि तिच्या दोन टोकांवर तसे छापलेले असते. एचडीबेसटीची कॅट-६ केबल दिव्यांच्या डिमरच्या वायरींसोबत एकाच बंडलात बांधू नये. तालमीच्या वेळी दिवे बंद असल्यामुळे चित्र सुरेख येते आणि प्रयोगाला डिमर वर जाताच ते फुटू लागते, अशा कहाण्या या क्षेत्रात कोणालाही विचारल्यास ऐकायला मिळतील.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकात २०१० च्या सुमाराचे रेडिऑन कार्ड आहे. त्याला दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे. दोन मॉनिटर डीव्हीआयवर व्यवस्थित चालतात, पण एचडीएमआयवर तिसरा लावला की विंडोज तो ओळखते आणि तरीही सुरू करत नाही. कार्ड बिघडले आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : कार्ड धडधाकट आहे. एएमडीने २००९ मध्ये रेडिऑन एचडी ५००० मालिकेबरोबर आयफिनिटी ही सोय आणली आणि सामान्य कार्डावर तीन डिस्प्ले शक्य झाले, पण त्यात एक अट होती. व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय या तिन्ही प्रकारांत प्रत्येक मॉनिटरसाठी त्याच्या रिझोल्युशनला जुळणारा स्वतंत्र घड्याळी सिग्नल कार्डाला निर्माण करावा लागतो, आणि या कार्डांवर असे सिग्नल निर्माण करणारी मंडले (सर्किटे) दोनच होती. डिस्प्लेपोर्टचा वेग रिझोल्युशनप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे त्याला स्वतंत्र मंडल लागत नाही. म्हणून तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरच लावायला हवा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नसल्यास ॲक्टिव्ह प्रकारचा, म्हणजे डिस्प्लेपोर्टचा सिग्नल स्वतः बदलून देणारा अडॅप्टर घ्यावा. स्वस्त पॅसिव्ह अडॅप्टर कार्डाकडून एचडीएमआयचाच सिग्नल मागतो आणि अडचण होती तेथेच राहते.

एनव्हिडियाच्या बाजूला त्या काळी अशी पळवाटही नव्हती. २०१२ च्या जीटीएक्स ६८० ने एका कार्डावर चार डिस्प्ले आणले, त्याआधीच्या सामान्य जीफोर्स कार्डांवर दोनच चालत. जुने कार्ड विकत घेणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवलेले बरे.

प्रश्न : शाळेच्या सभागृहात दोन बाजूंना दोन प्रोजेक्टर आहेत. पॉवरपॉइंट दाखवताना वक्त्याच्या लॅपटॉपवर टिपणे आणि दोन्ही पडद्यांवर फक्त स्लाइड दिसाव्यात असे हवे आहे. लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी आहे. एक प्रोजेक्टर जुना असून त्याला केवळ व्हीजीए आहे.
— एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवे असल्यामुळे वर मडकईच्या वाचकांना सांगितलेला स्प्लिटरचा उपाय येथेही सर्वांत निर्धोक आहे. एचडीएमआयवर स्प्लिटर लावावा, विंडोजचे बटण आणि पी दाबून एक्स्टेंड निवडावे, आणि पॉवरपॉइंटमध्ये प्रेझेंटर व्ह्यू सुरू ठेवावा.

स्प्लिटर नको असल्यास एक प्रोजेक्टर एचडीएमआयवर आणि दुसरा यूएसबी-सीवर लावून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये २ आणि ३ या दोन पडद्यांवर एकच चित्र ठेवण्याचा पर्याय निवडता येतो. तो तीन डिस्प्ले जोडल्यानंतरच यादीत दिसतो, म्हणून पुष्कळांना तो असल्याचे ठाऊक नसते. यूएसबी-सीमधून चित्र निघते की नाही, हे मात्र लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. काही लॅपटॉपांत ते पोर्ट केवळ चार्जिंग आणि डेटासाठी असते.

व्हीजीए प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, आणि तो शक्यतो यूएसबीवरून वेगळी वीज घेणारा असावा. जुना प्रोजेक्टर बहुधा १०२४ × ७६८ बिंदूंचा असेल. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र पाठवायचे म्हटले की दोघांना मानवणारे रिझोल्युशन निवडावे लागते, आणि ते सहसा गरिबाच्या मापाचे ठरते. स्लाइड ४:३ प्रमाणात केल्या तर निदान काळ्या पट्ट्या तरी नव्या पडद्यावरच्या कडेलाच राहतील.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. लॅपटॉपच्या यूएसबी-सीला डॉक, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टे करणारी पेटी, लावून दोन मॉनिटर वापरतो. सहकाऱ्याच्या मॅकबुकला तोच डॉक लावला तर दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येते. शिवाय मी एक मॉनिटर बंद केला की त्यावरच्या खिडक्या दुसरीकडे उड्या मारतात. दोन्हींचे कारण काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचा डॉक बहुधा डिस्प्लेपोर्टची एमएसटी पद्धत वापरतो. तीत एकाच तारेतून अनेक मॉनिटरांचे प्रवाह एकत्र जातात आणि डॉकमध्ये वेगळे होतात. डिस्प्लेपोर्ट १.२ ची चारही मार्गिकांवरील, म्हणजे तारेतल्या डेटाच्या वाटांवरील, उपयुक्त क्षमता सेकंदाला १७.२८ गिगाबिट आहे आणि ६० हर्ट्‌झच्या एका फुल एचडी मॉनिटरला साडेतीन गिगाबिटच्या आसपास लागते. डॉक यूएसबी ३ चा डेटाही त्याच तारेतून नेत असल्यास मार्गिका निम्म्या होतात, तरी दोन मॉनिटर त्यांत मावतात. मॅकओएस मात्र एमएसटीवर वेगवेगळी चित्रे देत नाही, त्यामुळे सहकाऱ्याला दोन्हीकडे तेच दिसते. मॅकबुक एम १ चिपचे असेल तर ते मुळात एकच बाह्य डिस्प्ले चालवते. तेथे डिस्प्लेलिंक प्रकारचा यूएसबी अडॅप्टर हा मार्ग आहे. तो मॉनिटरचे चित्र संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून दाबून यूएसबीवरून पाठवतो. हिशेबाच्या तक्त्यांना तो उत्तम आहे, व्हिडिओच्या कामाला मी तो सुचवणार नाही.

खिडक्यांच्या उड्यांचे कारण असे की प्रत्येक मॉनिटर आपली ओळख, म्हणजे आपण कोण आणि कोणते रिझोल्युशन चालवू शकतो हे, कार्डाला कळवत असतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. काही मॉनिटर आणि पुष्कळ प्रोजेक्टर बंद होताच जोडणी तुटल्याचे कार्डाला कळते, आणि विंडोज तो पडदा नाहीसा झाला असे समजून सर्व खिडक्या उरलेल्या पडद्यावर आणते. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करावा. तरीही एखादी खिडकी न दिसणाऱ्या पडद्यावर अडकली, तर टास्कबारवरून ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण ही बटणे एकदम दाबावीत. खिडकी शेजारच्या पडद्यावर सरकते.